नाकमुरड्यांचा खिळा

माझ्या बापाला किळस फार. पाल, झुरळ, गटार, कुणाची उलटी, असल्या गोष्टींची नव्हे. आई आजारी होती तेव्हा तिचं सगळं त्यांनी स्वतः केलं, आणि एकदाही नाक धरलं नाही. त्यांना किळस यायची ती वाईट कामाची. रस्त्याने चालताना एखाद्या जिन्याचा कठडा वेडावाकडा जोडलेला दिसला की हा माणूस थांबायचा, वाकून बघायचा आणि म्हणायचा, "शी." आई पुढे निघून जायची, कारण त्या "शी"नंतर किमान दहा मिनिटं व्याख्यान असायचं. दवाखान्याचं दार कुरकुरलं तरी "शी". माझ्या लग्नाच्या फोटोची चौकट कोपऱ्यात जुळत नव्हती, तर फोटोतल्या मुलीकडे लक्ष नाही, चौकटीकडे बघून "शी".

ते टर्नर होते. एकेचाळीस वर्षं एकाच कारखान्यात, एकाच लेथवर. लेथ म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: लोखंडाचा दांडा गरागरा फिरवायचा आणि त्याला धारदार टूल लावून हवा तेवढा सोलायचा. बास, एवढंच. पण या एवढ्याशावर माझ्या बापाने देवाला ऐकवावं इतकं बोलून घेतलंय.

कारखान्यात त्यांना नाकमुरडे म्हणत. त्यांच्या लेथच्या शेजारी भिंतीत एक खिळा होता. कुणी काम बिघडवलं की तो बिघडलेला तुकडा बाबा तारेने त्या खिळ्याला लटकवायचे आणि खाली खडूने करणाऱ्याचं टोपणनाव लिहायचे. तुकडा आठवडाभर तिथे लटकायचा. लोक पगार कापला तर तक्रार करायचे, पण खिळ्यावर लटकलं की गप्प बसायचे. एकदा त्यांनी खुद्द सुपरवायझरचा तुकडा टांगला. बढती गेली ती गेलीच. आईने विचारलं, "काय मिळवलंत?" तर म्हणाले, "त्याला कळलं की नाही, ते मिळवलं."

मी नऊ वर्षांची असताना कारखान्यात घरच्या माणसांना बोलावण्याचा दिवस होता. बाकीच्या पोरांना त्यांच्या बापांनी गोळ्या दिल्या, क्रेन दाखवली. माझ्या बापाने मला खिळ्याखाली उभं केलं आणि त्या दिवशीचा तुकडा हातात दिला. एक जाड शाफ्ट होता, म्हणजे यंत्रात फिरणारा दांडा. मधल्या गुळगुळीत पट्ट्यावर सगळीकडे टोचल्यासारखे बारीक ठिपके.

"हे काय आहे?"

"नक्षी," मी म्हटलं.

"नक्षी नाही, चोरी आहे. इथे बेअरिंग, छऱ्यांचं ते कडं, घट्ट बसायला हवं होतं. याने जागा जास्त सोलली, बेअरिंग ढिलं पडलं. मग काय केलं, तर पंच, म्हणजे ही टोकदार सळी, घेऊन ठोकत बसला. ठोकलं की लोखंडाला भोवती फोड येतो. फोडांनी जागा जाड होते आणि बेअरिंग घट्ट बसल्यासारखं वाटतं. वरून काही दिसत नाही. चार दिवसांनी फोड झिजतात, मग चाक एकीकडे आणि माणूस एकीकडे."

मग त्यांनी माझ्यासमोर पंच घेऊन एका रद्दी तुकड्यावर हलक्या हातोडीने आठ-दहा ठोके मारून दाखवले. टिक्, टिक्, टिक्. "हा आवाज लक्षात ठेव," म्हणाले. "शाफ्टवर हा आवाज आला की समजायचं, कुणीतरी लपवतंय." नऊ वर्षांच्या मुलीला याचा काय उपयोग होता ते परमेश्वराला ठाऊक. पण लक्षात राहिलं.

त्यांचा आणखी एक मंत्र होता. कापताना लोखंड तापतं आणि तापलं की फुगतं. गरम असताना माप घेतलं तर बरोबर दिसतं, गार झाल्यावर तोच तुकडा बारीक निघतो. म्हणून हाताला गार लागल्याशिवाय मायक्रोमीटर लावायचा नाही. "गरम लोखंड खोटं बोलतं," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की माझ्या मुलाच्या बारशाला त्यांच्याकडून तेच ऐकू आलं असतं तरी मला नवल वाटलं नसतं. सुदैवाने मला मूल नाही.

आई गेल्यावर, तीन वर्षांपूर्वी, बाबा आमच्याकडे राहायला आले. खरं तर आधी त्यांचा लेथ आला. कारखान्याने भंगारात काढलेला तो लेथ त्यांनी निवृत्त होताना घेऊन ठेवला होता. तो ट्रकमधून आला, क्रेनने उतरला आणि आमच्या गॅरेजात बसला. दुसऱ्या दिवशी बाबा एका पिशवीत चार सदरे घेऊन आले.

गॅरेजात आधीच एक संकट उभं होतं, माझ्या नवऱ्याची गाडी. माझा नवरा विमा कंपनीत आहे. दिवसभर अपघात झालेल्या गाड्यांचे फोटो बघतो आणि संध्याकाळी घरी येऊन स्वतःच्या अपघाताची तयारी करतो. दोन दारांची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी, पित्तासारख्या पिवळ्या रंगाची शर्यतीची गाडी. जुनी घेतली आणि गेली सहा वर्षं तिचं काहीतरी काढून काहीतरी बसवतो आहे. इंजिनाला टर्बो लावला, मग तो लहान वाटला म्हणून मोठा लावला. सुरू केली की स्वयंपाकघरातल्या मांडणीवरची भांडी नाचतात. त्या गाडीत बसून आम्ही दोघं एकदाही कुठे गेलेलो नाही.

मला हे सगळं बघून मळमळतं, स्पष्टच सांगते. मी दातांच्या दवाखान्यात काम करते. दिवसभर उपकरणं धुवायची, उकळायची, पाकिटात बंद करायची, हेच माझं काम. आठ तास स्वच्छता करून घरी यावं तर सिंकमध्ये पिस्टन. माझ्या पिठाच्या चाळणीत नटबोल्ट रॉकेलने धुतलेले. टॉवेलला तोंड पुसलं की गालाला लोखंडाचा कीस. एकदा तो कीस माझ्या पायाच्या अंगठ्यात गेला आणि डॉक्टरीणबाईंनी दात उपटायच्या चिमट्याने काढला. ओव्हनमध्ये बेअरिंग तापवायचं आणि फ्रीजरमध्ये, माझ्या मटारच्या पाकिटांशेजारी, शाफ्ट गोठवायचा. का, तर तापवलेलं बेअरिंग फुगतं, गोठवलेला शाफ्ट आकसतो, आणि एकात एक अलगद जातं. जाऊ दे ना, पण माझ्या मटारांशेजारून कशाला?

आणि सासऱ्या-जावयाचं इतकं गूळपीठ मी कुठे पाहिलेलं नाही. जन्मात कुणाचं काम बरं न म्हटलेला माझा बाप जावयाला "जावईबापू" म्हणून शेजारी बसवून टूलला धार लावायला शिकवायचा. नवरा ऑफिसात सगळ्यांना सांगायचा, "आमच्या बाबांच्या हाताला मायक्रोमीटर आहे." दोघं जेवताना एकमेकांशी बोलायचे आणि मी भात वाढायची. घर माझं, बाप माझा, नवरा माझा, आणि परकी मीच.

शेवटी मी एका गोष्टीवर अडून बसले, ती म्हणजे कूलंट. लोखंड कापताना तापू नये म्हणून त्याच्यावर तेल मिसळलेलं, दुधासारखं पांढरं पाणी सोडतात. ते लेथखालच्या टाकीत जमतं आणि पुन्हा फिरतं. महिनोन्‌महिने ते बदललं नाही की नासतं. त्याचा वास कसा असतो सांगू? मेलेला उंदीर अंड्यात घालून उन्हात ठेवा. गॅरेजची भिंत स्वयंपाकघराला लागून आहे, त्यामुळे तो वास थेट माझ्या जेवणात. मी एका सकाळी ताट बाजूला सारलं आणि म्हटलं, "एक तर ते पाणी या घरात राहील, नाहीतर मी." नवऱ्याने त्याच दिवशी टाकी उपसून टाकली. नवीन भरू का म्हणून बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी पाठ फिरवून ताट धुवायला घेतलं. "बरं," बाबा म्हणाले, "कोरडं कापू."

आता त्या आठवड्याचं सांगते. रविवारी गावाबाहेरच्या बंद पडलेल्या धावपट्टीवर नवऱ्याची पहिली शर्यत होती. एक गाडी, सरळ रस्ता, किती वेगात जाते ते मोजायचं. त्यासाठी मागच्या चाकाचा एक नवा ॲक्सल, म्हणजे चाक फिरवणारा शाफ्ट, हवा होता, कारण इंजिनाची ताकद वाढवून वाढवून जुना ॲक्सल ती पेलण्याच्या पलीकडे गेला होता. याने चिवट पोलादाचे दोन दांडे मागवले, त्यांना बाहेरून दाते पाडून आणले. बेअरिंग बसायची जागा तेवढी बाबांनी करायची होती.

"दोन कशाला?" बाबांनी विचारलं.

"एखादा बिघडला तर."

बाबांनी चष्मा काढला. "जावईबापू, माझ्या हातात बिघडतो का? परत करा तो दुसरा."

नवरा ओशाळला. परत मात्र केला नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून आमच्या पलंगाखाली ढकलला. झाडताना रोज माझ्या झाडूला लागायचा.

मी नवऱ्याला विचारलं होतं, "आणि हा नवा ॲक्सल चालत्या गाडीत तुटला तर?"

"तर मागचं चाक माझ्याआधी पोहोचेल," तो हसून म्हणाला. मी हसले नाही, तेव्हा म्हणाला, "अगं, बाबांनी केलाय म्हटल्यावर मी डोळे मिटून बसेन."

बुधवारी मी लवकर घरी आले तर गॅरेजात निळा धूर. बाबा कोरडंच कापत होते. कीस निळाजांभळा होऊन उडत होता, म्हणजे किती तापत असेल बघा. मी नाकाला पदर लावून दार ओढून घेतलं. थोड्या वेळाने ते चहाला आले, आणि मी चिमटा शोधत असताना त्यांनी गॅसवरचं पातेलं सरळ हाताने उचलून ओट्यावर ठेवलं. मी बघितलं तर उजव्या हाताच्या तीन बोटांच्या टोकांना टरटरून फोड आलेले. पांढरे, आणि भोवती काळं तेल.

"ई, बाबा, हे काय?"

"कुठे काय?" त्यांनी स्वतःच्या बोटांकडे दुसऱ्या कुणाची असावीत तसं बघितलं.

मी बोटं धुतली, मलम लावलं. खरं सांगायचं तर चिडत चिडत लावलं. नखांत जन्माचं काळं अडकलेलं, माझे हात बरबटलेले. ते खिडकीबाहेर बघत होते. मलम झोंबणारं होतं, पण त्यांनी हूं का चूं केलं नाही. मला वाटलं, टर्नरच तो, सवय असेल.

गुरुवारी दुपारी दवाखाना बंद असतो. मी घरी फ्रीजर साफ करत होते. संध्याकाळी तिथे शाफ्ट येणार होता, आणि मटार आधीच बाजूला काढून ठेवलेले बरे. तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला. टिक्. थांबला. टिक्, टिक्, टिक्. हलक्या हातोडीचे, सारख्या अंतराने, जरा जरा सरकत जाणारे ठोके. मी मटाराचं पाकीट हातात धरून उभी राहिले. चाळीसपर्यंत मोजले, पुढे मोजले नाहीत. तीस वर्षांपूर्वी ज्याने मला तो आवाज शिकवला, तोच भिंतीपलीकडे तो काढत होता.

मी आत गेले नाही. मनाला सांगितलं, दुसरंच काही असेल. हजार कामं असतात मेली.

संध्याकाळी नवरा आला, एप्रन बांधला, ओव्हन लावला. हा त्याचा आवडता सोहळा. बाबा म्हणाले, "राहू द्या. बसवलं मी."

"बसवलं? ओव्हन नाही, फ्रीजर नाही, एकट्याने?"

"बसवलं म्हटलं ना."

नवरा माझ्याकडे वळून अभिमानाने म्हणाला, "बघितलंस?" बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. जेवताना त्यांनी कशालाच नाव ठेवलं नाही. पंखा हलत होता, टेबल डगमगत होतं, भात चिकट झाला होता. एक "शी" नाही. तिथे माझी खात्री पटली.

शुक्रवारी नवऱ्याने ॲक्सल गाडीत बसवला, चाक लावलं, शीळ घातली. मी दवाखान्यात एकाच पेशंटची उपकरणं दोनदा उकळली. माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! आयुष्यभर जगाला खिळ्यावर टांगलं, आई बिचारी तुमच्या बढतीवाचून मेली, आणि आता स्वतः? तेही कुणाच्या चाकाखाली, तर जो माणूस तुमच्यावर डोळे मिटून बसणार आहे त्याच्या. मला त्यांची किळस आली. बापाची किळस येणं काय असतं ते मी सांगू शकत नाही, पण आली. आणि माझीही आली, कारण शुक्रवारची रात्र होईपर्यंत मी नवऱ्याला एक शब्द सांगितला नव्हता. नवरा ज्या माणसाकडे आधाराची भिंत आहे, देव आहे, असं समजून बघतो, त्याचं नाक मी नवऱ्यासमोर कापायचं? आणि नाही कापलं तर रविवारी काय बघायला जायचं?

शनिवारी सकाळी नवरा पेट्रोल आणायला गेला. संध्याकाळी पाचपर्यंत गाडी धावपट्टीवर तपासणीला न्यायची होती. पाचनंतर दार बंद, शर्यत हुकली. मी गॅरेजात गेले. बाबा स्टुलावर बसून लेथ पुसत होते. स्वच्छच होता तो.

"बाबा, गुरुवारी तुम्ही शाफ्टला पंच मारला."

"कान वाजले तुझे."

"मग चाक काढा आणि मला बेअरिंगखालची जागा दाखवा."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"मी नऊ वर्षांची असताना तुम्ही शिकवलंत तेवढं कळतंय."

ते पुसत राहिले. मग फडकं खाली ठेवलं. "गार होता," म्हणाले. "बुधवारी मी हात लावून बघितला. गार होता. मग माप घेतलं, बरोब्बर आलं, म्हणून काढला लेथवरून. गुरुवारी सकाळी बेअरिंग लावून बघतो तर हाताने सटकन आत. माप घेतलं, तीस मायक्रॉन कमी." म्हणजे अर्ध्या केसाएवढं. "मी कधीच गरम मोजत नाही. तुला ठाऊक आहे. गार होता तो."

मी त्यांच्या बोटांकडे बघितलं. फोड फुटून सालं निघाली होती. पातेलं आठवलं, झोंबणारं मलम आठवलं. मी रोज दवाखान्यात बघते, इंजेक्शन दिल्यावर डॉक्टरीणबाई हिरडीला टोचून विचारतात, लागतंय का.

"डोळे मिटा," मी म्हटलं.

"कशाला?"

"मिटा म्हणते ना."

त्यांनी मिटले. बाकावर लोखंडावर रेघ मारायची सुई होती. ती मी घेतली आणि त्यांच्या पहिल्या बोटाच्या टोकाला, जिथे कातडं शाबूत होतं तिथे, टेकवली. मग दाबली. मग आणखी दाबली.

ते डोळे मिटून वाट बघत राहिले. "काय ते कर की लवकर," म्हणाले.

सुईच्या टोकाशी रक्ताचा ठिपका आला. मी सुई काढली आणि म्हटलं, "उघडा." त्यांनी बोट बघितलं, सुई बघितली. एकेचाळीस वर्षं ज्या बोटावर विश्वास ठेवला ते केव्हा बधिर झालं हे त्यांना कळलंच नव्हतं. तसं कळायचं तरी कसं? न लागणं काही जाणवत नाही.

मला एकदम सगळं माझ्याच अंगावर आल्यासारखं झालं. "कूलंट असतं तर इतकं तापलंच नसतं," मी म्हटलं. "ते मी फेकायला लावलं."

"कूलंटचं निमित्त नको," बाबा म्हणाले. "कूलंट नसलं तर थांबायचं असतं. आणि बोटाने फसवलं ते बुधवारी. गुरुवारी मी फसवलं. पंच काय बोटाने आपणहून मारला?"

"दुसरा दांडा होता ना. माझ्या पलंगाखालीच आहे."

"ठाऊक आहे." ते खाली बघून म्हणाले, "तो मागायला तोंड कुठे होतं?"

एवढ्यात नवरा आला, पेट्रोलचे डबे घेऊन, शीळ घालत. मी ठरवलं होतं की मी बोलणार नाही. बाबा पाच मिनिटांत बोलले नाहीत तर मात्र बोलेन. घड्याळ बघायची वेळ आली नाही. बाबा उभे राहिले.

"जावईबापू, ते चाक काढा. मी आत घाण केलीय."

नवरा हसला. त्याला वाटलं थट्टा आहे. मग त्याने माझं तोंड बघितलं आणि जॅक लावून गाडी उचलली. चाक निघालं, ॲक्सल निघाला, बेअरिंग ओढून काढलं. खाली ते ठिपके. सारख्या अंतरावर, सुबक. चोरीसुद्धा या माणसाने नीटनेटकी केली होती.

नवरा शाफ्ट हातात फिरवत राहिला. आता हा काय म्हणेल म्हणून मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. आणि तो म्हणाला, अगदी हळू आवाजात, "असू दे, बाबा. एकच तर धाव आहे. चालेल."

"शी," बाबा म्हणाले.

तीन दिवसांनी आली ती "शी". कान तृप्त झाले माझे, खोटं कशाला सांगू.

"चालेल? तुमच्या ऑफिसात फोटो येतात ना रोज, त्या गाड्या कशाने आपटल्या? चालेल म्हणूनच. शी, शी. माझी बाजू घ्यायची म्हणून स्वतःचा जीव देता? इतका मूर्ख जावई मी बघून दिला होता का?"

"तुम्ही कुठे दिला? मी आणला," मी म्हटलं.

"तोंड बंद ठेव आणि तो दांडा आण."

मी पलंगाखालून दांडा आणला तेव्हा बाबा भिंतीत खिळा ठोकत होते. माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीत, गेल्याच वर्षी रंगवलेल्या. तारेने तो ठिपक्यांचा शाफ्ट टांगला. खिशातून खडू काढला, खाली लिहिलं: नाकमुरडे. नवरा पुसायला पुढे झाला. मी त्याचा हात धरला.

कपाटात कूलंटचा डबा अर्धा शिल्लक होता. मी बादलीत पाणी घेतलं आणि त्यात ते तेल ओतलं. ढवळायला काठी सापडेना, म्हणून कोपरापर्यंत हात घालून ढवळलं. ताज्याला फारसा वास येत नाही हे मला त्या दिवशी कळलं. वास जुन्या टाकीला येतो, आणि ती टाकी घासून काढायला मला एक तास लागला. त्या तासाचं वर्णन मी करणार नाही. मध्ये दोनदा बाहेर जाऊन आले एवढं सांगते.

लेथ सुरू झाला तेव्हा दोन वाजून गेले होते. पांढरं पाणी सोडून बाबा कापत होते, थोडं थोडं. नवरा घड्याळ बघत होता. शेवटचा हात मारून बाबांनी लेथ बंद केला, पाणी बंद केलं. साडेतीन झाले होते. ॲक्सल बसवायला अर्धा तास, धावपट्टीवर पोहोचायला आणखी पंधरा मिनिटं.

बाबांनी सवयीने हात पुढे केला आणि शाफ्टपासून चार बोटांवर थांबवला. मग मागे घेतला.

"पोरी," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "हात लाव."

मी लावला. बुळबुळीत, तेलकट, नखाखाली लगेच काळं. मला शिसारी आली, पण बोट तसंच ठेवलं.

"कसा आहे?"

"कोमट."

"तुझ्या हातापेक्षा?"

"जास्त."

"मग थांबू."

आम्ही तिघं ओळीने बसलो. पावणेचारला मी पुन्हा हात लावला. कोमट. चार वाजता लावला. नवऱ्याने विचारलं, "आता तरी?" तो उभाच होता, ओव्हन तापवून ठेवला होता, हातमोजे घातले होते. सहा वर्षं त्याने या एका रविवारसाठी घालवली होती. बाबा मायक्रोमीटर हातात घेऊन माझ्या तोंडाकडे बघत होते. हो म्हटलं असतं तर दोघांनीही मानलं असतं. लेथवरच्या दिव्याखाली तो शाफ्ट चकचकीत दिसत होता, आणि गार आहे की नाही हे सांगणारं त्या घरात आता एकच बोट होतं.

"सव्वाचार झाले," नवरा म्हणाला.

मी पुन्हा बोट टेकवलं. "अजून गरम आहे," म्हटलं. "बस खाली."